नमस्कारातली फट

आरती संपत आली होती. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मावशीचे डोळे मात्र उघडे होते आणि ते गणपतीकडेही नव्हते. ती माझ्या आईच्या हातांकडे बघत होती. आईने हात जोडले होते, पण तळवे एकमेकांना पुरते चिकटत नव्हते. बोटांच्या मधल्या पेरांपाशी फट राहत होती आणि तिच्यातून समईचा उजेड दिसत होता.

मावशी भूलतज्ज्ञ आहे. नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस, मुंबईत एमडी, आणि गेली चौदा वर्षं गुरुग्राममधल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात. आई यवतमाळहून आली आहे. पित्ताशयात खडे आहेत आणि येत्या गुरुवारी दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. मी इथेच सायबर सिटीतल्या एका कंपनीत काम करतो. रुग्णाच्या चेहऱ्याच्या फोटोंवरून ‘याच्या श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल का’ हे आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर आमचा चमू तयार करतो आहे. मावशीचा या कामाला विरोध नाही, पण तिचा त्यावर विश्वासही नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर विषय निघाला तो बारा वाजेपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो आठवेल तसा लिहून काढला.

मी : आरतीच्या वेळी आईचे हात का बघत होतीस?

मावशी : ताईला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. इतकी वर्षं साखर वाढलेली राहिली की सांध्यांभोवतीच्या ऊती ताठ होत जातात. बोटं ताठली की नमस्कार पुरता जुळत नाही. मानेच्या सांध्यांचंही तसंच होऊ शकतं. मान मागे झुकली नाही तर लॅरिंगोस्कोप घालूनही मला स्वरयंत्र दिसणार नाही. आम्ही पॅक क्लिनिकमध्ये, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीत, जुन्या मधुमेहींना मुद्दाम नमस्कार करायला सांगतो.

मी : म्हणजे भाकीतच करतेस की! मग मी वेगळं काय करतो?

मावशी : मी खूण बघते. खूण दिसली म्हणून अवघड जाईलच असं नाही, आणि दिसली नाही म्हणून सोपं जाईल असं तर मुळीच नाही. तू मशीनकडून हो की नाही मागतोस.

इथे मला वाचकांसाठी दोन ओळी लिहायला हव्यात, कारण भूल म्हणजे झोपेचं इंजेक्शन अशीच बहुतेकांची समजूत असते. पूर्ण भूल देताना औषधाने रुग्णाची शुद्ध जाते आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाने त्याचा श्वासही थांबतो. तिथून पुढे त्याचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. आधी मास्क, मग श्वासनलिकेतली नळी. औषध देण्यापूर्वी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिला, तर निरोगी माणसाच्या फुफ्फुसातला साठा सुमारे आठ मिनिटं पुरतो. खूप स्थूल माणसाला तोच साठा तीन मिनिटंही पुरत नाही. तेवढ्या वेळात नळी गेली नाही आणि मास्कनेही हवा आत जाईना, तर मेंदूला इजा व्हायला पुढची थोडीच मिनिटं लागतात. हे आधी ओळखता यावं म्हणून जगभरचे डॉक्टर चाळीस वर्षं खटपट करत आहेत.

मी : त्या खटपटीत आपली माणसंही आहेत. आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. शेषगिरी राव मल्लंपाटी बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात होते. १९८३ साली त्यांनी एक छोटं पत्र छापलं : तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगा, मागची पडजीभ आणि कमानी जितक्या कमी दिसतील तितकी नळी घालणं अवघड. १९८५ साली २१० रुग्णांवर त्यांनी ते तपासून दाखवलं. त्याच १९८३ साली पाटील आणि सहकाऱ्यांनी हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगितलं. साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर सावध. जिभेवरून आणि हनुवटीवरून एवढं कळत असेल, तर अख्ख्या चेहऱ्यावरून जास्त कळायला नको का?

मावशी : किती कळतं ते तूच मोज. हिशेब तुला चांगला येतो. २००५ साली जपानी डॉक्टरांनी ३५ अभ्यास एकत्र केले, पन्नास हजारांवर रुग्ण. नळी घालणं अवघड गेलेले शंभरात जवळजवळ सहा. मल्लंपाटीच्या चाचणीने त्यांतले साधारण निम्मे पकडले. आता हजार रुग्ण घे.

मी मोबाइलवर आकडे मांडले. हजारात अठ्ठावन्न अवघड. चाचणी पकडते अठ्ठावीस, तीस निसटतात. आणि जे सोपे आहेत त्यांतल्या सुमारे एकशे बत्तीस जणांवरही ती ‘अवघड’ असा शिक्का मारते. म्हणजे एकशे साठ जणांवर शिक्का, आणि त्यांतले खरोखर अवघड अठ्ठावीस. सहात साधारण एक.

मावशी : डेन्मार्कमधली नोंद याहून बोलकी आहे. तिथे भुलेच्या नोंदी एका देशव्यापी यादीत ठेवल्या जात होत्या. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुग्णांचा तो अभ्यास २०१५ साली छापून आला. ज्यांची नळी अवघड गेली त्यांतल्या शंभरपैकी त्र्याण्णव जणांबद्दल डॉक्टरांना आधी कल्पनाच नव्हती. आणि ‘हा अवघड जाणार’ असं ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्यांतले चौथा हिस्साच खरोखर अवघड निघाले. हे काही हलगर्जी डॉक्टर नव्हते रे.

मी : पण हे आकडे माझ्याच बाजूचे आहेत! माणसाच्या नजरेला कळत नाही, म्हणून तर मशीन हवं. तूच सांग, तुमच्याकडे पॅक एक डॉक्टर करतो, भूल दुसरा देतो. सकाळच्या यादीत नऊ केसेस. कुणी खरंच पट्टी लावून हनुवटी मोजतं का? ‘एमपी टू’, म्हणजे मल्लंपाटीची दुसरी श्रेणी, असं न बघता लिहून मोकळं होणारं कुणी नसेल, असं छातीवर हात ठेवून सांगशील? कॅमेरा थकत नाही, घाई करत नाही. आणि एका वेळी एकच खूण बघायची सक्ती त्याला नाही. जबडा, मान, हनुवटी, गाल, सगळं एकत्र बघतो. संगणकाने चेहरा वाचून हे ओळखण्याचा प्रयोग २०११ साली अमेरिकेत छापूनही आला आहे.

मावशी थोडा वेळ गप्प बसली. हा मुद्दा तिला लागला होता.

मावशी : न बघता लिहिलं जातं. मीही पाहिलंय. पण त्यावर उपाय फोटो नाही, बघायला लावणं हा आहे. मी ताईला जीभ काढायला सांगते तेव्हा काय काय घडतं ते ऐक. तिचं तोंड किती उघडतं ते कळतं, तिची तीन बोटं उभी जातात का बघते. पुढचा कुठला दात हलतो ते कळतं. खालचे दात वरच्या ओठावर येतात का बघते. ती बोलते तेव्हा आवाज घोगरा आहे का ऐकते. मान वर करायला सांगितली की चेहऱ्यावर दुखल्याची आठी येते का बघते. आणि मुख्य म्हणजे, माझ्या डोक्यात गुरुवारची सकाळ सुरू होते : ही झोपल्यावर मास्क बसला नाही तर काय, नळी नाही गेली तर काय. हा विचार करायला मला तपासणीतली ती पाच मिनिटं भाग पाडतात. तुझं मशीन हिरवी खूण दाखवेल, आणि तो विचार होणारच नाही.

मी : आणि लाल दाखवली तर?

मावशी : लालची भीती नाही वाटत मला. लाल बघून लोक तयारी करतात. भीती हिरव्याची आहे.

हे वाक्य मी तेव्हाच लिहून घेतलं. आमच्या कंपनीच्या बैठकांत आम्ही लालबद्दल तासन् तास बोलतो, हिरव्याबद्दल फारच थोडं.

मग तिने इलेन ब्रॉमिली या इंग्लंडमधल्या बाईंची गोष्ट सांगितली. भूलशास्त्र शिकणाऱ्या अनेकांना ती आता शिकवली जाते. २००५ सालचा मार्च. सायनसचं साधं ऑपरेशन, तब्येत उत्तम, आधीच्या तपासणीत काळजीचं फारसं काही नाही. भूल दिल्यावर मास्कने हवा जाईना, नळीही जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते आणि तेही एकापेक्षा जास्त. ते वीस मिनिटांहून अधिक काळ नळी घालण्याच्याच मागे राहिले. एका परिचारिकेने गळ्यातून मार्ग करण्याचं सामान आणून ठेवलं होतं आणि ते आणल्याचं सांगितलंही होतं. कुणी तिकडे वळलं नाही. तेरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून ते झगडले नाहीत. आणीबाणीत चांगली माणसं एकाच गोष्टीला का चिकटून राहतात, याचा अभ्यास वैद्यकात व्हावा म्हणून त्यांनी २००७ साली एक गट उभा केला.

मावशी : तिथे आधी ओळखलं नाही म्हणून नव्हे, फसल्यावर पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं म्हणून जीव गेला. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ साली मार्गदर्शक सूचना छापल्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला नैनन मयात्रा यांचं नाव त्या लेखात पहिलं आहे. त्यात प्रयत्न मोजून दिलेत. नळीचे तीनच. तेवढ्यात नाही जमलं की घशात बसणारं एलएमए, तेही दोनदाच. त्यानेही भागलं नाही तर मास्क एकदा शेवटचा, आणि तरीही ऑक्सिजन जात नसेल तर गळ्यातून मार्ग. आणि हे सगळं चालू असताना नाकातून ऑक्सिजन बंद करायचा नाही. मी प्रत्येक केसच्या आधी हा क्रम मोठ्याने बोलते, सिस्टरपासून टेक्निशियनपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असा. हनुवटी सुरेख असो की नसो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एअरवेची ट्रॉली उभी असते : बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी), एलएमए, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, चाकू. मला भाकिताची गरज उरत नाही, कारण मी प्रत्येकाला अवघडच समजते.

यावर मात्र मी तिला सोडलं नाही. माझी बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे असं मला तेव्हाही वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

मी : मावशी, हे तू गुरुग्राममध्ये बसून बोलतेस. तुमची ट्रॉली दारात उभी असते, हाक मारली की दुसरे दोन भूलतज्ज्ञ धावत येतात. आपल्या यवतमाळकडे, वणीला, दारव्ह्याला काय? तिथला भूलतज्ज्ञ एकटा असतो. सकाळी या नर्सिंग होममध्ये, दुपारी त्या. सामान त्याच्या स्वतःच्या बॅगेत. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल किंवा नसेल. त्याला ‘प्रत्येकाला अवघड समज’ म्हणणं सोपं आहे, पण समजून तो करील काय? त्याच्यासाठी आधी कळणं हाच एक मार्ग आहे. आधी कळलं तर तो रुग्णाला नागपूरला पाठवू शकतो. झोपवल्यावर कळलं तर काहीच करू शकत नाही.

मावशी : हं. हे खरं आहे.

तिने दुसरा चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत काही बोलली नाही.

मावशी : पण तुझी मघाची बेरीज विसरू नकोस. हजारात एकशे बत्तीस जणांना उगाच नागपूरला धाडशील. मजुरी बुडवून, गाडी करून जातील. आणि अडलेली बाळंतीण आली तर पाठवायला वेळच नसतो. तरीही तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, आणि मी ते नाकारणार नाही. माझ्यासारखीसाठी चाचणी म्हणजे विचार करायला लावणारा चिमटा. त्याच्यासाठी ती रुग्ण कुठे ठेवायचा याचा निर्णय आहे. मग तुझं मशीन त्याच्यासाठी कर. आणि तिथले चेहरे शिकव त्याला. तुमच्याकडचे फोटो कुठले आहेत?

मी सांगितलं ते तिला आवडलं नाही, आणि मलाही सांगताना बरं वाटलं नाही. आमच्याकडचे बहुतेक फोटो परदेशातले आहेत.

मावशी : मग मला हे सांग, त्यात दाढीवाले किती? नूहकडचे, मेवातचे रुग्ण येतात आमच्याकडे. भरघोस दाढीखाली हनुवटी किती आत आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि त्या दाढीमुळे मास्कही नीट बसत नाही. आणि गुटखा? इथे घोरण्याला खर्राटे म्हणतात, आपल्याकडे खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी. मला दोन्ही विचारावे लागतात. गुटखा-खर्रा खाऊन गाल आतून ताठ होतात, पांढुरके दोरखंड हाताला लागतात. बाहेरून चेहरा राजबिंडा असतो. फोटोत काय दिसणार?

मग तिने नागपूरला शिकत असताना पाहिलेल्या एका रुग्णाबद्दल सांगितलं. तिशीतला ट्रकचालक, जबड्याचं ऑपरेशन. तोंड एक बोट आडवं जाईल एवढंच उघडत होतं. त्याला झोपवणं धोक्याचं होतं, म्हणून जागेपणीच नळी घालायचं ठरलं. नाकात आणि घशात बधिर करणारा फवारा मारला. मग पेन्सिलीएवढी बारीक, लवचीक दुर्बीण नाकातून हळूहळू आत. सरांनी मावशीला त्याच्या उशाशी उभं केलं होतं. काम एकच, त्याच्याशी बोलत राहायचं. तो बोलू शकत नव्हता, पण मावशीचं बोट धरून होता. खोकला आला की ते दाबायचा, ओसरला की सैल सोडायचा. पडद्यावर स्वरयंत्राच्या पांढऱ्या कडा उघडताना दिसल्या, नळी आत सरकली, आणि मगच त्याला झोपवलं. ‘ते बोट मी अजून विसरले नाही,’ मावशी म्हणाली.

मी : पण त्याला जागं ठेवायचं ठरलं ते आधी कळलं म्हणूनच ना?

मावशी : हो. तिथे आधी कळण्यानेच तो वाचला. अशी ठळक माणसं ओळखता येतात, आणि ती चुकवायला माफी नाही. पण आधी कळायचा सर्वांत पक्का मार्ग कोणता, माहीत आहे? ना मल्लंपाटी, ना पाटील, ना तुझा कॅमेरा. मागच्या वेळी नळी घालताना त्रास झाला होता का, एवढं विचारायचं.

आई इतका वेळ दिवाणावर पडून आमचं ऐकत होती. मावशी तिच्याकडे वळली.

मावशी : ताई, अपेंडिक्सच्या वेळी काय झालं होतं गं? नीट आठव.

आई : काय होणार? झालं ऑपरेशन. घसा दुखला चार दिवस.

मावशी : नुसता घसा?

आई : हा दात तुटला ना तेव्हाच. ह्यांना वाटलं पडले असेन. दुसऱ्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले होते, फार चांगले होते. म्हणाले, बाई, तुमच्या गळ्यात नळी घालताना आमचा घाम काढलात. मी म्हटलं, माफ करा डॉक्टर.

ते साल १९९८. मावशी तेव्हा मुंबईत एमडीच्या परीक्षेला बसली होती, म्हणून तिला घरून कुणी काही कळवलं नव्हतं. आईने सव्वीस-सत्तावीस वर्षांत हे कुणालाच सांगितलं नाही, कारण हे सांगण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं. त्या डॉक्टरांनी तिला प्रेमाने सांगितलं, पण कागदावर लिहून दिलं नाही. डिस्चार्ज कार्डावर फक्त टाके कधी काढायचे ते होतं. गेल्या आठवड्यात इथल्या पॅक क्लिनिकमध्ये तिला ‘आधी भूल दिली होती का, काही त्रास झाला होता का’ असं हिंदीत विचारलं गेलं. ती ‘नहीं, कुछ नहीं’ म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो.

मी आणि मावशी दोघंही काही वेळ बोललो नाही. दोन वर्षं मी चेहऱ्यांवरचे बिंदू मोजतो आहे. माझ्या आईच्या चेहऱ्यावर तो तुटलेला दात मी लहानपणापासून बघतो आहे.

मी : मावशी, ही माहिती १९९८ साली नोंदवली असती आणि आज पडद्यावर दिसली असती, तर ते मशीनचंच काम झालं असतं.

मावशी : ते काम कर. त्याला माझा विरोध नाही. डेन्मार्कवाल्यांना आपण किती चुकतो हे तरी कळलं, कारण त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडे आता आरोग्याच्या नोंदींसाठी आभा क्रमांक आहे, नोंद ठेवायला जागा झाली आहे. आपल्या सूचनांतही म्हटलंय की अवघड गेलं तर रुग्णाला समजावून सांगा, लेखी द्या. किती जण देतात? तुझ्या कंपनीला म्हणावं, आधी एवढं करा.

आमचं पूर्ण एकमत झालेलं नाही. गावातल्या एकट्या भूलतज्ज्ञाच्या हाती नीट शिकवलेलं, आपल्याकडच्या चेहऱ्यांवर तपासलेलं साधन असावं, असं मला ठामपणे वाटतं. असल्या साधनाने हिरवी खूण मुळी दाखवूच नये, असं मावशीला तितक्याच ठामपणे वाटतं. सोमवारच्या बैठकीत मी तिचं म्हणणं मांडणार आहे.

रात्री साडेबारा वाजता तिने फोन करून गुरुवारच्या डॉक्टरांना सगळं कळवलं. सख्ख्या बहिणीला ती स्वतः भूल देणार नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप पहिल्यापासून हातात घ्यायचा, उशाशी दुसरा अनुभवी भूलतज्ज्ञ उभा ठेवायचा आणि ऑक्सिजनचा वेळ वाढवायला डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, असं ठरलं. मग तिने वहीचं एक पान फाडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘१९९८ साली पूर्ण भूल. नळी घालणं अवघड गेलं. वरचा पुढचा दात तुटला. मधुमेह २० वर्षं. रात्री घोरतात.’ त्या पानाच्या तीन प्रती काढल्या. एक आईच्या फाइलीत, एक पर्समध्ये, एक माझ्या फोनवर.

तुमच्या घरात कुणाचं पूर्वी ऑपरेशन झालं असेल, तर आज त्यांना विचारा : नंतर घसा फार दुखला होता का, दात दुखावला होता का, डॉक्टर नळीबद्दल काही म्हणाले होते का. उत्तर हो असेल तर ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांनी विचारायची वाट न बघता तो कागद त्यांच्या हातात द्या.